नऊ महिन्यांची लेक, वजन ६ किलो २०० ग्रॅम: दिवसभर खाऊनही वजन का वाढत नाही?

तुरीचा_बांध, यवतमाळ जिल्हा | ८ नोव्हेंबर

नमस्कार. आमच्या लेकीला या आठवड्यात नऊ महिने पूर्ण झाले. जन्मतः तिचे वजन २ किलो १०० ग्रॅम होते. सहाव्या महिन्यात ते ५ किलो ६०० ग्रॅम झाले, सातव्यात ५ किलो ९००, आठव्यात ६ किलो १००, आणि परवा अंगणवाडीच्या काट्यावर ६ किलो २०० भरले. माता बाल संरक्षण कार्डावरची रेघ आता जवळजवळ आडवी झाली आहे. दंडाचा घेर १२.१ सेंटिमीटर आला, म्हणजे पट्टीचा पिवळा भाग.

आम्ही तिला उपाशी ठेवत नाही, हे मुद्दाम लिहिते. सकाळी माझे दूध, त्यानंतर वाटीभर वरणाचे पाणी, दुपारी वाटीभर भाताची पेज, चारच्या सुमारास चहात भिजवलेले बिस्कीट, आणि रात्री पुन्हा वरणाचे पाणी व अंगावरचे दूध असा तिचा दिवस असतो. सध्या कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे मी सकाळी आठला घर सोडते आणि साडेपाचला परतते. त्या वेळात सासूबाई तिला सांभाळतात आणि फार मायेने सांभाळतात. शेजारच्या बाया नजर लागल्याचे सांगतात, कोणी मुडदूस झाल्याचे म्हणते, आणि दुकानदाराने पावडरीचा एक महागडा डबा दाखवला आहे. पैसे खर्च करण्यापूर्वी कोठे चुकते आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

सेविका_गडचिरोली | ८ नोव्हेंबर

ताई, तुम्ही सगळे वेळापत्रक मनापासून लिहिले, त्यामुळे उत्तरही त्यातच सापडते. तुमच्या लेकीचे पोट भरते आहे, परंतु ते पाण्याने भरते आहे.

लहान बाळाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर अन्न मावते. म्हणजे तुमच्या लेकीच्या पोटाची क्षमता १८० ते १९० मिलिलिटरच्या आसपास आहे आणि आपली मोठी वाटी २५० मिलिलिटरची असते. वाटीभर पाण्यात १० ग्रॅम पीठ किंवा तांदूळ शिजवून केलेल्या पेजेतून जेमतेम ३५ उष्मांक मिळतात. वरणाचे वरचे पाणी तर त्याहूनही हलके असते, कारण डाळ खाली राहते आणि ती घरातील मोठ्यांच्या ताटात जाते. त्याउलट दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ असे २५ ग्रॅम कोरडे धान्य मऊ शिजवून, घोटून, वरून एक छोटा चमचा तेल घातले, तर केवळ अर्ध्या वाटीत सुमारे १३० उष्मांक होतात. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० उष्मांक लागतात, आणि मागे पडलेल्या बाळाला भर काढण्यासाठी त्याहून अधिक. आता पेजेच्या किती वाट्या लागतील ते पाहा, आणि तेवढे तिच्या पोटात मावेल का तेही पाहा.

घरी एकच परीक्षा करून बघावी. वाटीतील अन्न चमच्यात घेऊन चमचा तिरपा धरावा. अन्न ओघळून गेले, तर ते पातळ आहे. चमच्याला धरून राहिले, तर योग्य आहे.

चहा आजपासून पूर्ण बंद करावा. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटाने भूक मात्र मरते. अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर शिधा घरात सर्वांत वाटला जातो की तिच्यासाठी वेगळा ठेवला जातो, तेही कळवावे. माझ्या गावात पाकीट घरी पोहोचताच मोठ्या भावंडांचा खाऊ होतो, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे, आणि त्यात आईचा दोष नसतो.

तुरीचा_बांध | ९ नोव्हेंबर

ताई, तुमचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. वरणाची परीक्षा त्यांनी स्वतःच केली आणि ते ओघळले. टीएचआरच्या बाबतीतही तुमचा अंदाज खरा आहे. तिचा चार वर्षांचा भाऊ त्यात वाटेकरी असतो.

परंतु सासूबाईंचे दोन प्रश्न आहेत आणि मला ते टाळावेसे वाटत नाहीत. पहिला असा की, त्यांनी चार लेकरे पेजेवरच वाढवली, मग आजच पेज वाईट कशी झाली. दुसरा असा की, दात पुरते आलेले नसताना घट्ट अन्न घशात अडकेल आणि तेलाने खोकला होईल.

आजी_अकोट | ९ नोव्हेंबर

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. मी त्यांच्याच वयाची आहे आणि माझी लेकरेही पेजेवर वाढली, असेच मी अनेक वर्षे सांगत होते. धाकट्या सुनेच्या बाळाच्या वेळी मात्र मी नीट आठवून पाहिले. वेचणीला किंवा निंदणाला जाताना आम्ही तान्हे लेकरू सोबत नेत होतो, धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधत होतो आणि ते रडले की पाजत होतो. दिवसातून आठ-दहा वेळा आणि रात्रभर अंगावरचे दूध मिळत होते. लेकरू दुधावर वाढत होते आणि पेज ही केवळ जोड होती. आज सून आठ-नऊ तास बाहेर असते, ते दूध त्या वेळात बंद होते, आणि त्याची जागा आपण पाण्यासारख्या पेजेने भरतो. शिवाय आमच्या वेळची सगळीच लेकरे जगली नाहीत. गावातील बहुतेक म्हाताऱ्यांच्या मनात एखादे गेलेले लेकरू असतेच, आपण त्याविषयी बोलत नाही, इतकेच.

घट्ट अन्न अडकण्याच्या भीतीवर माझ्याकडे एक उपाय आहे. गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दोन दिवस मोड येऊ द्यावेत, नंतर ते कडक वाळवून, मोड चोळून काढून, अगदी हलके गरम करून दळावेत. जास्त भाजू नये, कारण भाजल्यावर त्याचा गुण जातो. घट्ट शिजवलेली लापशी किंवा खिचडी चुलीवरून उतरवून थोडी निवली, पण अजून चांगली गरम असली, की त्यात या पिठाचा अर्धा लहान चमचा घालून ढवळावे. पाच-सात मिनिटांत ती आपोआप सैल होते, एक थेंबही पाणी घालावे लागत नाही, आणि धान्य मात्र तेवढेच राहते. त्यानंतर पुन्हा एक उकळी जरूर आणावी, कारण मोड आणताना ओलाव्यात जंतू वाढलेले असतात. हे गव्हाचेच करावे. ज्वारीचा कोवळा फुटवा खाऊन जनावरांना विषबाधा होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून बाळासाठी मोडाच्या ज्वारीच्या भानगडीत पडू नये.

तेलाने खोकला होत नाही. फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, किंवा जवसाचे, घरात जे असेल ते, ताजे आणि वास न आलेले असावे. फल्लीदाणे भाजून, सोलून, अगदी बारीक वाटून खिचडीत मिसळता येतात. आख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत लेकराच्या हाती पडू देऊ नये. तो श्वासनलिकेत जातो. बुरशी लागलेला किंवा कडू लागणारा दाणा तर घरात कोणीच खाऊ नये.

वाशीम_वाट | १० नोव्हेंबर

माझ्या भाच्याला डब्याच्या पावडरीने फरक पडल्याचे बहीण सांगते. ताईंनी एक डबा आणून पाहायला काय हरकत आहे? बाटलीत घालून दिली तर आजीलाही सोपे पडेल.

वैद्यकीय_अधिकारी_वर्धा | १० नोव्हेंबर

मी ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. वाशीमच्या बंधूंचा हेतू चांगला आहे, तरीही या दोन्ही गोष्टी करू नयेत असे मी स्पष्टपणे सांगतो. डबा महाग असल्यामुळे घरोघरी तो ठरलेल्या मापापेक्षा पातळ कालवला जातो, म्हणजे आपण पुन्हा पेजेवरच येतो, फक्त अधिक पैसे देऊन. बाटलीचे निपल आणि तिचा तळ खेड्यातील पाण्याने व हाताने नीट स्वच्छ होत नाही. जुलाब लागतात आणि महिनाभरात वाढलेले वजन चार दिवसांत जाते. वाटी आणि चमचा हेच योग्य साधन आहे.

आता ताईंसाठी. नऊ महिन्यांच्या मुलीचे मध्यम वजन ८ किलो २०० ग्रॅम धरले जाते. ६ किलो ५०० ग्रॅमच्या खाली कमी वजन आणि ५ किलो ८०० ग्रॅमच्या खाली तीव्र कमी वजन समजतात. तुमची लेक पहिल्या रेषेखाली आहे, दुसरीच्या वर आहे. दंडाचा घेर ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान असणे म्हणजे मध्यम कुपोषण. तो ११.५ च्या खाली गेला, दोन्ही पायांवर सूज आली, किंवा बाळाने खाणेच सोडले, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. अशा वेळी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे आई आणि बाळ दोघांना ठेवून घेतात, आणि आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाईही देण्याची तरतूद आहे. बाळ खाते-पिते आहे पण तीव्र कुपोषित आहे, अशा स्थितीत अंगणवाडीतील ग्राम बाल विकास केंद्र असते.

तुमची लेक आज या टप्प्यावर नाही. तरीही तिला एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे, कारण पुरेसे अन्न देऊनही वजन वाढत नसेल, तर आत काही आजार दडलेला असू शकतो. दूध पिताना घाम येतो का, धाप लागते का, वारंवार ताप किंवा खोकला येतो का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, हे मी प्रत्येक आईला विचारतो. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही विचार करावा लागतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाच्या रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेते. ते कमी होत गेल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, हातापायांवर दुखरी सूज, फिकटपणा आणि वारंवार ताप अशी लक्षणे दिसू लागतात. घरात कोणी रुग्ण किंवा वाहक असेल, तर तपासणी अवश्य करून घ्यावी.

लोहाचे औषध सुरू आहे का? सहा महिन्यांनंतर सर्व बाळांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह आणि फॉलिक ॲसिडचे द्रव औषध आशाताईंकडून मिळते. जन्मतः कमी वजनाच्या बाळाची गरज याहून जास्त असू शकते आणि ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसीसोबत अ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही राहू देऊ नये. मध एक वर्षापर्यंत चाटवू नये, आणि गाईचे दूध एक वर्षापर्यंत मुख्य आहार म्हणून देऊ नये.

एक गोष्ट सर्वांत शेवटी लिहितो आहे, पण माझ्या मते ती सर्वांत आधी करण्यासारखी आहे: ताईंनी स्वतः पोटभर जेवावे. पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात, आणि वेचणीच्या दिवसांत ती सकाळी चहा पिऊन शेतात जाते आणि दुपारी एकदाच भाकर खाते, हे मी रोज पाहतो.

शिक्षक_धारणी | ११ नोव्हेंबर

मेळघाटातून थोडेसे लिहितो. आमच्याकडे अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, आणि अंडे खाऊ लागलेली बाळे तरतरीत होताना मी पाहिली आहेत. खात असाल तर उकडलेले अंडे कुस्करून खिचडीत मिसळावे. सहा महिन्यांनंतर पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग चालतात. दुसरी विनंती अशी की, बाळाचे पोट फुगले किंवा ते सुकत चालले म्हणून कोणी पोटावर डागण्या देण्याचे सुचवले, तर कितीही जवळचा माणूस असला तरी ऐकू नये. डम्मा, म्हणजे अशा डागण्या, दिलेली बाळे मी पाहिली आहेत आणि ते दृश्य विसरता येत नाही.

भंडारा_तलाव | ११ नोव्हेंबर

डाळींविषयी एक सूचना. आमच्या धानपट्ट्यात लाखोळी डाळ स्वस्त मिळते आणि तिच्यातील विषारी घटकामुळे ती सतत खाणाऱ्यांच्या पायांतील बळ जाऊ शकते. बाळासाठी मूग किंवा तूर वापरावी.

तुरीचा_बांध | २३ नोव्हेंबर

पंधरा दिवसांत जे घडले ते सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उपयोग होईल.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला दाखवले. हिमोग्लोबिन ९.१ आले आणि लोहाचे थेंब रोज देण्यास सांगितले. माझे दीर सिकलसेलचे वाहक असल्यामुळे तीही तपासणी केली. ती वाहक निघाली, रुग्ण नाही. वाहक असल्यामुळे वजन थांबत नाही, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

पहिले चार दिवस फार कठीण गेले. पातळाची सवय असल्यामुळे ती घट्ट घास जिभेने बाहेर ढकलत होती, आणि मला वाटले की तिला आवडतच नाही. सासूबाईंनी धीर सोडला नाही. त्यांनी जबरदस्ती केली नाही, नाक दाबले नाही, मांडीवर आडवे पाडून घातले नाही. तिला समोर बसवून, भावाचे ताट शेजारी ठेवून, दोन-दोन चमचे देत राहिल्या. पाचव्या दिवशी तिने स्वतःहून तोंड उघडले. अकोटच्या आजींचे मोडाच्या गव्हाचे पीठ आम्ही केले आणि ते पाहून सासूबाई म्हणाल्या की, ही तर जादू आहे. आता सकाळी मूगडाळीची खिचडी, दहाला कुस्करलेले केळे, दुपारी गव्हाच्या रव्याची लापशी, चारला टीएचआर, आणि रात्री आमच्याच तुरीच्या वरणात कुस्करलेली पोळी व तेल असे पाच वेळा होते. एक दिवसाआड अंडे देतो. तिच्या भावासाठी मुरमुऱ्याचा वेगळा डबा ठेवला आहे, त्यामुळे तो तिच्या पाकिटाकडे जात नाही.

सासूबाईंना लिहिता येत नाही आणि घड्याळाचाही भरवसा नाही. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक वेळी भरवून झाले की त्या एका डबीत तुरीचा एक दाणा टाकतात, आणि मी संध्याकाळी आल्यावर प्रथम दाणे मोजते.

दुपारच्या दुधाचा प्रश्न राहिला आहे. सकाळी निघण्यापूर्वी पिळून ठेवले, तर किती वेळ चालेल?

वैद्यकीय_अधिकारी_वर्धा | २३ नोव्हेंबर

हात साबणाने धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध घरातील थंड जागी, तापमान २५ अंशांच्या आसपास असेल, तर चार तासांपर्यंत चालते. सध्याच्या गारव्यात आठला काढलेले दूध अकरा-साडेअकरापर्यंत वाटी-चमच्याने संपवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र हा हिशोब लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे. घरी परतताच प्रथम पाजावे, आणि एका बाजूचे पूर्ण रिते झाल्यावरच दुसरी बाजू द्यावी, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश अधिक असतो. रात्रीचे पाजणे कमी करू नये.

तुरीचा_बांध | ५ डिसेंबर

आज वजन ६ किलो ४५० ग्रॅम भरले. तोच काटा, तीच वेळ, अंगावर कपडे नाहीत. मागच्या महिन्यात १०० ग्रॅम वाढले होते, या महिन्यात २५०.

तुरीचा_बांध | १६ डिसेंबर

तीन दिवसांपासून तिला जुलाब आणि बारीक ताप आहे. खाणे निम्म्यावर आले आहे. शेजारणी म्हणतात की दूध आणि तेल बंद करून फक्त भाताचे पाणी द्यावे. दवाखान्यातून ओआरएस आणि झिंक दिले आहे. मी घाबरले आहे, एवढेच खरे.

सेविका_गडचिरोली | १६ डिसेंबर

ताई, अंगावरचे दूध एक वेळही बंद करू नका. ओआरएस पूर्ण पाकिटाचे, पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच करावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकावे. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यावी. घरोघरी ती तिसऱ्या दिवशी बंद होते. अन्न तेच ठेवावे, फक्त घास लहान आणि वेळा जास्त असाव्यात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त आले, किंवा ती सुस्त होऊन पिईनाशी झाली, तर रात्र असली तरी निघावे. ती बरी झाल्यावर पुढील दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. आजारात गेलेले वजन त्याच दिवसांत भरून निघते, आणि तेव्हा ते निसटले, तर पुढे महिनोन्महिने सापडत नाही.

तुरीचा_बांध | ५ जानेवारी

आजचे वजन ६ किलो ७०० ग्रॅम आहे आणि दंडाचा घेर १२.६ सेंटिमीटर. पट्टी हिरव्या भागात आली. अकरा महिन्यांच्या मुलीसाठी कार्डावरची कमी वजनाची रेषा ६ किलो ९०० ग्रॅमला आहे, म्हणजे अजून २०० ग्रॅमचे अंतर आहे. जुलाबाच्या आठवड्यात ती बरीच वाळली होती. त्यानंतरच्या पंधरवड्यात सासूबाईंच्या डबीत रोज सहा दाणे पडत होते.

पुढील वजन ५ फेब्रुवारीला आहे. तोपर्यंत वेचणी संपलेली असेल आणि दुपारचे दूध मला स्वतः पाजता येईल.